बर्लिनचा पेशंट आणि मिरजेहून आलेला फोन

गेल्या डिसेंबरात मिरजेहून खालाचा फोन आला. खाला मला सहसा दोन कारणांसाठी फोन करते: मोबाइल हँग झाला किंवा गॅसचं ऑनलाइन बुकिंग होत नाही. इंजिनिअर म्हणजे घरच्यांच्या लेखी सगळ्या बटणांचा हकीम. या वेळी मात्र आवाज दबका होता. "बेटा, तू इंटरनेटवर नीट बघून सांग. स्टेम सेलनं एड्स बरा होतो का?"

तिच्या ओळखीच्या घरातला मुलगा. तिशी ओलांडलेला, कमावता, दोन लेकरांचा बाप. सहा वर्षांपासून सिव्हिल हॉस्पिटलातून एचआयव्हीच्या गोळ्या घेतो आणि तब्येत ठणठणीत आहे. कुणीतरी त्याला एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकचा पत्ता दिला. तिथे साडेचार लाखांचं पॅकेज होतं. पोटातली चरबी काढायची, त्यातून त्याच्याच स्टेम सेल वेगळ्या करायच्या आणि तीन वेळा सलाइनमधून परत सोडायच्या. डॉक्टरांनी लॅपटॉपवर एका गोऱ्या माणसाचा फोटो दाखवला. हा बर्लिनचा पेशंट, याचा एचआयव्ही स्टेम सेलनं कायमचा गेला. मुलानं पन्नास हजार आगाऊ भरले. उरलेल्यासाठी बायकोचे दागिने मोडायचं ठरत होतं. आणि "आता गोळ्यांचं ओझं कशाला" असं कुणीतरी म्हटल्यावर तीन आठवड्यांपासून त्यानं गोळ्याही बंद केल्या होत्या.

फोटोतला माणूस खरा आहे. त्याची गोष्टही खरी आहे. म्हणून तर हा धंदा चालतो. खालाला मी तासभर जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहितो. कारण तोच फोटो आपल्या वयाच्या मुलांच्या ग्रुपवरही फिरतो आणि पुढे पाठवणाऱ्यांत आपल्यासारखे डिग्रीवाले कमी नसतात.

त्या माणसाचं नाव टिमोथी रे ब्राउन. अमेरिकन, पण बर्लिनमध्ये राहायचा. १९९५ साली त्याला एचआयव्ही असल्याचं कळलं. २००६ मध्ये वेगळंच संकट आलं, रक्ताचा कर्करोग. किमो पुरेशी पडेना, तेव्हा दुसऱ्याच्या स्टेम सेल देण्याचं ठरलं. गेरो ह्युटर या त्याच्या डॉक्टरांना एक जुना शोध आठवला. एचआयव्हीचा विषाणू आपल्या पांढऱ्या पेशींत शिरतो तेव्हा त्याला बहुधा सीसीआर-५ नावाचं दार लागतं. काही माणसांत आईकडून आणि वडिलांकडून, दोन्ही बाजूंनी, या दाराचा जीन तुटका आलेला असतो. त्यांच्या पेशींना ते दारच नसतं. उत्तर युरोपात अशी माणसं शंभरात एखादं सापडतात. ह्युटरनी ब्राउनशी जुळणाऱ्या दात्यांमध्ये असा कुणी आहे का ते तपासायला घेतलं. एकसष्टावा दाता तसा निघाला.

२००७ च्या फेब्रुवारीत प्रत्यारोपण झालं. कर्करोग परत आला, म्हणून २००८ मध्ये त्याच दात्याच्या पेशी पुन्हा दिल्या. दुसऱ्या वेळी ब्राउन मरता मरता वाचला. मेंदूवर परिणाम झाला, चालणं-बोलणं नव्याने शिकावं लागलं. पण एचआयव्ही परत आला नाही. २०२० च्या सप्टेंबरात तो वारला तो कर्करोगानं, एचआयव्हीनं नव्हे. क्लिनिकच्या लॅपटॉपवर यातला फक्त फोटो होता.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. बहुतेक विषाणू म्हणजे बाहेरून चालवलेला प्रोग्राम. शरीर त्याला पकडतं आणि बंद करतं. एचआयव्हीचं तसं नाही. तो आपला कोड आपल्या डीएनएतच पेस्ट करतो. गोळ्या काय करतात, तर नवी कॉपी होऊ देत नाहीत. पण ज्या पेशींत तो कोड आधीच शिरून गप्प पडलेला आहे, त्या पेशी वर्षानुवर्षं तशाच राहतात. गोळी बंद केली की त्यातली एखादी जागी होते आणि काही आठवड्यांत सगळं पुन्हा सुरू. ब्राउनच्या बाबतीत किमो आणि रेडिएशननं जुनी सिस्टीम जवळपास फॉरमॅट केली, दात्याच्या पेशींनी उरलीसुरली शोधून मारली आणि नव्यानं जी बसवली तिला विषाणूसाठी दारच नव्हतं.

आता क्लिनिकचं गणित बघा. पेशी त्याच्याच, म्हणजे दार तेच. जुनी सिस्टीम जागच्या जागी. लपलेला कोड जागच्या जागी. व्हायरस लागलेल्या लॅपटॉपमधली एक फाइल पेनड्राइव्हवर घेऊन पुन्हा त्याच लॅपटॉपमध्ये टाकायची आणि साडेचार लाख घ्यायचे, असा हा प्रकार. चरबीतल्या पेशी रक्ताच्या स्टेम सेल नसतात हे आणखी वेगळंच.

"पण खऱ्या पद्धतीनं केलं तर?" हा प्रश्न खालानं विचारला आणि तो रास्त होता. खऱ्या पद्धतीनं बरे झालेले लोक आजही दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील इतकेच आहेत. बर्लिननंतर २०१९ मध्ये लंडनचा अ‍ॅडम कास्टिलेहो, मग डुसेलडॉर्फ, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, जिनिव्हा इथला एकेक. या सगळ्यांना रक्ताचा किंवा लसिकेचा कर्करोग होता आणि प्रत्यारोपण त्यासाठी केलं होतं. एचआयव्ही जाणं हा वरचा लाभ. ज्यांना तो मिळाला नाही तेही आहेत. बॉस्टनमधल्या दोघांच्या रक्तात प्रत्यारोपणानंतर विषाणू सापडेना. सगळे खूश झाले, गोळ्या थांबवल्या. एकात काही आठवड्यांनी आणि दुसऱ्यात काही महिन्यांनी विषाणू परतला. २०१३ ची गोष्ट. दुसऱ्याच्या पेशी घेण्याचा हा उपचार इतका जबर आहे की त्यातूनच मृत्यू येण्याचा धोका शंभरात दहाच्या आसपास, कधी त्याहून जास्त असतो. जो माणूस रोज एक गोळी खाऊन म्हातारा होऊ शकतो, ज्याच्या रक्तातला विषाणू गोळ्यांनी इतका दबतो की त्याच्यापासून बायकोलाही शरीरसंबंधातून लागण होत नाही, त्याला कुठला शहाणा डॉक्टर या आगीत लोटेल?

कोविडच्या वेळीही हेच झालं. २०२० मध्ये स्टेम सेलनं फुप्फुसं वाचतील अशी आशा होती आणि ती अगदी वेडगळ नव्हती. अमेरिकेत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. अंतरिम आकडे पाहून वर्ष संपता संपता ती थांबवली, कारण मृत्यू ठरवल्याइतके कमी होतील अशी शक्यता दिसेना. शास्त्र असं वागतं. आशा धरतं, मोजतं, जमत नसेल तर थांबतं. मोजायचंच नाही आणि थांबायचंही नाही, तो धंदा.

आपल्या देशात एड्स बरा करतो असा दावा करून औषध विकायला औषध नियमांच्या शेड्यूल जे मध्ये मनाई आहे, आणि त्या यादीत एड्सचं नाव सुरुवातीलाच आहे. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य उपयोग सोडले तर स्टेम सेलचा उपचार हा फक्त मंजूर चाचणीतच होऊ शकतो. चाचणीत भाग घेण्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे ओळखण्याची खूण सोपी आहे. कुणी 'प्रयोग' म्हणून तुमच्याकडून लाखो रुपये मागत असेल तर तो प्रयोग नाही.

त्या मुलाशी मी व्हिडिओ कॉलवर बोललो. त्यानं पहिल्यांदा कॅमेरा बंद ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तो परत एआरटी सेंटरला गेला. तिथल्या समुपदेशक बाईंनी एका शब्दानं बोल लावला नाही, रक्त तपासायला घेतलं आणि गोळ्या सुरू केल्या. पन्नास हजार गेले ते गेलेच. तक्रार कर म्हटलं तर म्हणाला, भाईजान, तक्रारीत आजाराचं नाव लिहावं लागेल. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात ओळख गुप्त ठेवून खटला चालवण्याची सोय आहे, हे मी त्याला सांगितलं. त्याला ते पटलं असावं, पण मोहल्ल्याची भीती कायद्यापेक्षा मोठी निघाली. एचआयव्ही होता असं कळल्यावर मय्यतीला गुस्ल द्यायला माणसं मागे सरली, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. त्याला क्लिनिकचा रस्ता दाखवणारा एजंट जितका जबाबदार, तितकेच आपणही, असं मला वाटतं. गुपचूप, एका झटक्यात, कुणाला न कळता बरं होण्याची गरज आपण निर्माण केली. एजंटनं फक्त किंमत लावली.

दुसऱ्या टोकाला आणखी एक मंडळी आहेत. हाच विषय मी आमच्या एका ग्रुपवर काढला तेव्हा लगेच उत्तर आलं, स्टेम सेल म्हणजे गर्भ मारून काढतात, हराम आहे, विषय संपला. विषय संपत नाही. ब्राउनच्या पेशी एका धडधाकट प्रौढ माणसानं स्वखुशीनं दिलेल्या होत्या. न्यूयॉर्कच्या बाईला ज्या मिळाल्या त्या बाळाच्या नाळेतल्या रक्तातून आल्या होत्या, जे एरवी बाळंतपणानंतर फेकून देतात. यात कुठेही गर्भ नाही. २००६-०७ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी तर साध्या त्वचेच्या पेशीला मागे नेऊन मूलपेशीसारखं करता येतं हे दाखवलं आणि २०१२ मध्ये नोबेल घेतलं. गर्भाचा प्रश्न पूर्ण मिटला नाही, पण त्याची धार कमी झाली. उलेमांनीही हा विषय टाळलेला नाही. मक्केच्या फिक्ह परिषदेनं २००३ च्या डिसेंबरातच सांगितलं होतं की प्रौढ माणसाच्या संमतीनं घेतलेल्या, नाळेच्या रक्तातल्या, अगदी टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात जास्तीच्या ठरलेल्या आणि जोडप्यानं दिलेल्या भ्रूणातल्या पेशीही उपचारासाठी आणि संशोधनासाठी वापरता येतील. मुद्दाम गर्भपात करून घेतलेल्या मात्र नाहीत. तेहरानची रोयान संस्था १९९१ पासून याच क्षेत्राच्या आसपास काम करते आणि तिनं २००३ मध्ये भ्रूणाच्या स्टेम सेलही प्रयोगशाळेत वाढवल्या. ग्रुपवर 'हराम' टाइप करणाऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. मलाही दहा वर्षांपूर्वी नव्हतं.

आता न्यूयॉर्कच्या त्या बाईबद्दल. मला तिची केस सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ती मिश्र वंशाची होती. दार नसलेले दाते जवळजवळ सगळे गोरे युरोपीय, आणि स्टेम सेल जुळायला आपल्याच वंशातला दाता मिळण्याची शक्यता जास्त. म्हणजे गोरी नसलेली माणसं या उपचाराच्या रांगेत उभीच राहू शकत नव्हती. डॉक्टरांनी २०१७ मध्ये वेगळा मार्ग काढला. नाळेच्या रक्ताला इतकं काटेकोर जुळावं लागत नाही. पण त्यात पेशी थोड्या असतात आणि रुजायला वेळ लागतो. म्हणून तोवर भार पेलायला एका नातेवाइकाच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशी सोबत दिल्या. तीन वर्षांनी गोळ्या थांबवल्या. विषाणू आला नाही.

जुळणं म्हणजे काय हे थोडक्यात. पेशींवर एचएलए नावाच्या खुणा असतात, निम्म्या आईकडून, निम्म्या वडिलांकडून. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. तिथे नाही जुळलं तर नोंदवहीत शोधायचं. जगभरच्या नोंदवह्यांत मिळून चार कोटींहून जास्त दाते आहेत. १४० कोटींच्या भारतातले त्यात काही लाख. आपल्याकडे बिरादरीतच लग्नं होत आली, त्यामुळे खुणांचे संच जातीजमातींप्रमाणे वेगवेगळे साठत गेले. बागवान, मोमीन, कोकणी, मेमन, सगळ्यांचं तेच, आणि आपल्या हिंदू शेजाऱ्यांचंही. म्हणून जर्मनीच्या भल्यामोठ्या नोंदवहीत मिरजेच्या पोराला दाता सापडणं अवघड आहे. सर्च क्वेरी कितीही हुशार लिहा, टेबलमध्ये रोच नसेल तर रिझल्ट शून्यच येणार.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी खालालाही सांगितली नाही. मी पंचवीस-सव्वीस वर्षांचा असताना, हिंजवडीत नोकरीला लागल्यावर, ऑफिसात एका नोंदवहीचा कॅम्प आला होता. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, फॉर्म भरायचा. पाच मिनिटं. टी-शर्ट मिळाला. दोन वर्षांनी फोन आला की एका पेशंटशी तुमचं प्राथमिक जुळतंय, पुढच्या तपासणीला रक्त द्याल का? रमजान होता. मी म्हटलं ईदनंतर बघू. घरी सांगितलं तर अम्मी गप्प झाली आणि फुफू म्हणाली, "हड्डी का पानी निकालते क्या? अभी शादी भी नहीं हुई पोरे की." मला माहीत होतं की पाठीच्या मणक्याला हात लागत नाही. पाचेक दिवस इंजेक्शनं, अंग दुखतं, मग प्लेटलेट देतात तसं तीन-चार तास मशीनला बसायचं. पेशी पुन्हा भरून येतात. हे सगळं कॅम्पात ऐकलं होतं. तरी मी घरात ते ठामपणे सांगितलं नाही. ईदनंतर पुन्हा फोन आला, मी उचलला नाही. आणखी दोनदा आला. मग थांबला.

कोण होतं ते मला कधी कळणार नाही, नियमानंच कळत नाही. दुसरा कुणी दाता सापडला असेल असं मी स्वतःला सांगतो. शक्य आहे. पण आपली खूण इतकी दुर्मीळ असल्याचं मीच आता वर लिहून बसलोय.

कुणी म्हणेल, आपल्या लोकांत ते तुटकं दार जवळजवळ नसतंच, मग आपल्या पेशींचा एचआयव्हीला काय उपयोग? काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. पण २०२३ मध्ये जिनिव्हाची केस जाहीर झाली. त्या पेशंटला मिळालेल्या पेशींना दार शाबूत होतं, तरी गोळ्या थांबवल्यानंतर विषाणू परतला नव्हता. २०२४ मध्ये बर्लिनच्याच दुसऱ्या एका पेशंटची हकिकत आली, ज्याच्या दात्यात तुटक्या जीनची एकच प्रत होती. म्हणजे दारापेक्षाही दात्याच्या पेशींनी जुन्या पेशी किती साफ केल्या याला महत्त्व असू शकतं. बॉस्टनचे दोघं का हुकले आणि जिनिव्हाचा का वाचला, हे अजून उलगडायचंय. ते उलगडण्यात फक्त युरोपातल्या लोकांच्या पेशी असाव्यात आणि आपल्या नसाव्यात, हे मला मान्य नाही. आणि एचआयव्ही बाजूला ठेवला तरी ल्युकेमिया आणि थॅलेसेमियाचे पेशंट आजच रांगेत आहेत. मला आलेला फोन बहुधा अशाच कुणासाठी होता.

महाग पडेल, हे तर उघड आहे. पण २००१ आठवा. एचआयव्हीच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च पाश्चात्त्य कंपन्यांच्या दरानं दहा हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेत माणसं मरत होती. त्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लाचे युसूफ हमीद यांनी तीच औषधं एका स्वयंसेवी वैद्यकीय संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला डॉलरहून कमी दरात देऊ केली. त्यांचे वडील ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये ही कंपनी काढली ती देशाला लागणारी औषधं देशात व्हावीत म्हणून. पुढे २००४ च्या एप्रिलपासून सरकारनं एआरटी मोफत द्यायला सुरुवात केली, पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. खालाच्या ओळखीचा तो मुलगा आज जिवंत आहे तो या साखळीमुळे, लॅपटॉपवरच्या फोटोमुळे नाही.

ही साखळी तुटलेली नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या लोकांनी मिळून रक्ताच्या काही कर्करोगांसाठी कार-टी उपचार तयार केला. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याला मंजुरी मिळाली आणि परदेशात तीन-चार कोटींना पडणारी गोष्ट इथे तीस-चाळीस लाखांच्या घरात आली. अजूनही आपल्या आवाक्याबाहेरच, पण दिशा दिसते. यात मला आवडणारी गोष्ट अशी की रुग्णाच्या पेशीत नवा जीन नेऊन बसवायला जे वाहन वापरतात ते एचआयव्हीच्या कुळातल्या विषाणूला निकामी करून बनवलेलं असतं. डीएनएत कोड पेस्ट करण्याची त्याची जी खोड, तीच कामाला लावली. हेच तंत्र वापरून पेशंटच्या स्वतःच्याच स्टेम सेलमधलं दार काढून टाकता येईल का, यावर जगात प्रयोग चालू आहेत. ज्या दिवशी ते जमेल, त्या दिवशी 'स्वतःच्याच स्टेम सेल' हे वाक्य खरं होईल. आज ते फसवणुकीचं वाक्य आहे.

मी नव्यानं नोंदणी केली आहे. दात्री आणि डीकेएमएस इंडिया अशा नोंदवह्या देशात आहेत, किट घरी मागवता येतं. या वेळी अम्मीला आणि बायकोला बसवून आधी सगळं सांगितलं. फुफूला अजून सांगायचं आहे. तुम्ही नोंदणी करणार असाल तर घरच्यांशी बोलून मगच काडी गालात घाला, आणि फोन आल्यावर नाही म्हणायचं असेल तर आजच नाही म्हणा. नाव न नोंदवणाऱ्यानं कुणाला आशा दाखवलेली नसते. मी दाखवली होती.

मिरजेत ईदनंतर एक कॅम्प घ्यावा असं आम्ही काही जण म्हणतोय. जमातीच्या कमिटीनं नाही म्हटलेलं नाही. त्यांच्या दोन शंका होत्या. बायकांचा स्वॅब कोण घेणार? ज्याचा त्यानं स्वतः घ्यायचा असतो, त्यामुळे ती मिटली. दुसरी अशी की आपली पेशी गैरमुस्लिमाला गेली तर? नोंदवहीत धर्माचा रकाना शोधायला वापरत नाहीत, एचएलएच्या खुणा जुळवतात, असं मी सांगितलं. कमिटीतले सगळ्यांत म्हातारे चाचा म्हणाले, १९७२ च्या दुष्काळानंतर मला कावीळ झाली होती तेव्हा रक्त कुणाचं चढवलं ते मी विचारलं नव्हतं. तारीख अजून ठरायची आहे.